पहिला फोटो देवाचा

कॅमेरा पाटावर होता आणि त्याची पाठ उघडी होती.

खंडेनवमीची सकाळ होती. मी विठ्ठलमंदिरातून तुळशीची मंजिरी घेऊन परतले, तोवर शेवंताकाकीने दुकानाच्या मधोमध पाट मांडून पूजा निम्मी उरकलीसुद्धा होती. पाटाभोवती रांगोळी, वर कडाकण्यांची, नवरात्रातल्या कडक पुऱ्यांची माळ. पाटावर काकाचा मृदंग, काकीची शिवणाची कात्री, विळी, आणि सगळ्यांच्या पुढे, मानाने, आजोबांचा दोन भिंगांचा कॅमेरा. दारातून आलेलं ऊन सरळ त्याच्या उघड्या पाठीवर पडलं होतं.

"काकी, हे कुणी उघडलं?"

"कोण उघडणार? मीच." ती उदबत्त्या लावत होती. "समया चिंचेनं घासल्या, विळी घासली, म्हटलं मामंजींच्या हत्यारालाच आतनं मळकं का ठेवायचं? मागं खटका होता. आत बघ तरी, गुंडाळीला पण कुंकू लावलंय. गाभाऱ्यात अंधार असतो म्हणून देवाला कुंकू लावत नाहीत होय?"

मी हातातली तुळस कुठे ठेवली ते आजही आठवत नाही. खाली बसले, कॅमेऱ्याचं झाकण लावलं, खटका बसल्याचा आवाज ऐकला.

"गुंडाळी बाहेर काढली होतीस?"

"काढली. फडक्यानं पुसली. मेली स्प्रिंगासारखी सुटायला लागली, मग घट्ट गुंडाळून होती तशी ठेवली." माझ्याकडे बघता बघता तिच्या हातातली काडी विझली. "मालू, काय झालं गं? तोंड का असं केलंस?"

तिला सांगायचं म्हणजे एकच वाक्य होतं. त्या रिळात मंदा होती.

मंदा ही पारूमावशीची मुलगी. पारूबाई माळी देवळाच्या दारात फुलांची पाटी घेऊन बसायची, आणि देऊळ आमच्या दुकानासमोरच. मंदा पाटीजवळ कमी आणि आमच्या दुकानात जास्त असायची. 'पिसे फोटो स्टुडिओ'त येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी ती बघायची, मग आजोबा. नवरानवरी फोटोला बसली की पडद्याआडून डोकं काढून म्हणायची, "हसा की, काय मेलंय का कोण?" आजोबा खोटं खोटं रागवायचे.

श्रावणात तिला ताप आला, डोक्यात गेला आणि ती गेली. पुढच्या वर्षी शाळेत घालायची होती. गरिबाघरी पोराचा पहिला फोटो निघतो तो शाळेच्या दाखल्याला, म्हणून मंदाचा फोटो असा कुठेच नव्हता. होता तो आजोबांच्या कॅमेऱ्यात. नागपंचमीच्या आठवड्यात त्यांनी तिचा काढला होता, आणि ते रीळ पुरं व्हायच्या आधी त्यांनीच अंथरूण धरलं.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी कॅमेरा मागवून घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला. माझे वडील बदलीच्या नोकरीत, मी लहानपणापासून आजोबांजवळच वाढलेली. काळोख्या खोलीतलं सगळं काम त्यांनी मला शिकवलं होतं. तरी मला वाटलं होतं, कॅमेरा काकाकडे जाईल.

"हा तुझा," ते म्हणाले. "रिळात मंदा आहे. पारू मागेल तेव्हाच धुवायचं. ती मागेपर्यंत हात लावायचा नाही. आईचं काम आहे, आपलं नाही."

आजोबांचं तेरावं झाल्यावर मी पारूमावशीला विचारलं होतं, "मावशी, धुऊ का रीळ?"

"नको. आत्ता न्हाई बघवायचं," ती म्हणाली. "असू दे आत."

तेव्हापासून रोज सकाळी ती दुकानातल्या विठ्ठलाच्या तसबिरीला माळ आणून द्यायची, आणि जाता जाता कपाटाकडे बघून विचारायची, "हाय न्हवं आत?"

"आहे," मी म्हणायचे.

मग ती पाटीकडे जायची. आमचं दोघींचं एवढंच बोलणं. पण त्या एका 'आहे'वर तिचा दिवस उभा राहायचा, हे मला कळत होतं.

काका न्हाऊन, धोतराचा सोगा सावरत आला. पूजेत माझं तोंड आणि काकीचं तोंड पाहून थांबला. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. काका देवळातल्या कीर्तनाला मृदंगाची साथ करायचा, फोटोच्या कामात त्याने कधी लक्ष घातलं नव्हतं, पण फोटोवाल्याच्या घरात वाढलेला माणूस. उजेड लागला म्हणजे काय, ते त्याला कळत होतं.

"सगळंच गेलं?"

"बाहेरचे वेढे गेले असणार. काढलेला फोटो आत आत गुंडाळत जातो. काकीने बाहेर काढलं तेव्हा सैल झालं, उजेड कडेने शिरला असेल. अगदी आतल्या वेढ्यात कदाचित पोचला नसेल."

"आतल्या वेढ्यात कुठला फोटो?"

"पहिला."

काकाने विठ्ठलाच्या तसबिरीकडे पाहिलं. पहिला फोटो कुणाचा असतो ते घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. नवं रीळ घातलं की आजोबा आधी भिंतीवरच्या विठ्ठलासमोर उभे राहायचे. त्या कॅमेऱ्यात वरून बघावं लागतं, म्हणून फोटो काढणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. तशी मान घालून ते पहिला फोटो देवाचा काढायचे, आणि मग गिऱ्हाइकाला बोलवायचे. कुणी म्हटलं, "अण्णा, एक फोटो फुकट घालवता," तर म्हणायचे, "बुवा उभे राहिले की आधी नमन करतात का आधी आख्यान? नमनावाचून सुरू झालेलं कीर्तन तू ऐकलंस कधी?"

"मंदाचा कितवा?" काकाने विचारलं.

"ते बोलले नाहीत. पहिला देवाचा. तिचा दुसरा असला तर काही आशा आहे."

काकी तोवर भिंतीला टेकून खाली बसली होती. "मला काय ठाऊक गं," ती म्हणाली. "मी आपलं चांगल्यासाठी. कुंकू लावताना मी म्हटलं पण, देवा, घरातल्या पोरीच्या हाताला यश दे."

"तुला कोण काय म्हणतंय?" काका म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आज काही करायचं नाही. उद्या दसरा. पूजा उतरली की बघ. अण्णांनी आयुष्यात खंडेनवमीला हत्यार उचललं नाही. मी आज मृदंगाला बोट लावणार नाही. देवळात कीर्तन आहे, बुवांना सांगून ठेवलंय, आज टाळावर भागवा."

त्याचं चुकत नव्हतं. झाकण लागलं होतं, जे जायचं ते गेलं होतं, एका दिवसाने आणखी काही जाणार नव्हतं. पारूमावशीनेही अजून मागितलं नव्हतं. मी मान हलवली. तेवढ्यात दारात सावली पडली.

पारूमावशी पूजेसाठी झेंडू घेऊन आली होती. ओंजळभर फुलं तिने पाटाजवळ ठेवली, एक कॅमेऱ्यावर वाहिलं, हात जोडले आणि रोजच्यासारखी कपाटाकडे वळली नाही. उंबऱ्यातच बसली.

"मालू," ती म्हणाली, "आज मागते."

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"काल माळ करताना मंदीचं तोंड आठवाया गेले, तर न्हाई आलं. फराक आला. पायातल्या तोरड्या आल्या. तोंडाच्या जागी नुसतं पांढरं. मी तिच्या बापाला इचारलं, हनवटी कशी होती रं? तो उठून भाईर गेला." तिने पदराने हात पुसले, ते ओले नव्हते तरी. "अजून चार दिस गेले तर फराक पण जाईल. धू आता. बघवंल तसं बघीन."

काकाने खाकरून म्हटलं, "पारूबाई, आज खंडेनवमी. उद्या केलं तर..."

"उद्या करा की दादा. तुमच्या नेमाला मी कशाला मोडू?" ती उठायला लागली. "आज मागितलं म्हणून ठेवते. हाय न्हवं आत?"

मी 'आहे' म्हणू शकले नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग काकाकडे. मग काकी भिंतीपासून उठली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पारू, मी उघडलं गं ते," काकी म्हणाली. "कुंकू लावायला उघडलं. आत उजेड गेला. तुझी मंदा असेल की नसेल, कुणालाच ठाऊक नाही. मला मार, पण आज जाऊ नको."

पारूमावशी तशीच उभी. देवळाकडून कुणीतरी ओरडलं, "पारू, हार दे गं," तिने तिकडे पाहिलंही नाही. तिने पाटावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"कुंकू कुठं लावलंस?"

"आत. गुंडाळीवर."

"मंदीलाच लावलंस म्हण की."

ती हे रागाने म्हणाली की कशाने, मला आजही सांगता येणार नाही. पण काका काही म्हणायच्या आत मी पाटावरचा कॅमेरा उचलला. त्याच्यावरचा झेंडू खाली पडला.

"मालू," काका म्हणाला.

"काका, उद्यापर्यंत हिने कसं बसायचं?"

"अण्णा असते तर..."

"ते म्हणाले होते, पारू मागेल तेव्हा. ती आज मागतेय."

मी काळोख्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

ती खोली म्हणजे दुकानामागची सांदच. रीळ धुताना तांबडा दिवाही चालत नाही, डोळे असून नसल्यासारखे. मी चाचपून तसराळी नीट लावली, पाण्याची, फोटो उमटवणाऱ्या डेव्हलपरची, तो पक्का करणाऱ्या हायपोची. कॅमेरा उघडला. रिळाच्या मागच्या कागदापासून फिल्म सोडवताना बोटांना कुंकवाची खरखर लागली.

आता वेळ मोजायची होती. अंधारात घड्याळ दिसत नाही. आजोबांनी त्यासाठी नामावळी ठरवली होती. विठ्ठलाच्या नावाने सुरुवात करायची, मग एकेका संताचं नाव संथ लयीत दोनदा म्हणायचं, आणि फिरून विठ्ठलापाशी आलं की डेव्हलपर पुरा झाला. "घाई केलीस तर फोटो कच्चा राहील, रेंगाळलीस तर करपेल," ते सांगायचे. "लय सोडायची नाही. लय सोडली की देव पण निसटतो आणि माणूस पण."

फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून मी ती तसराळ्यात खालीवर फिरवायला लागले आणि गायला सुरुवात केली. पहिली दोन नावं नीट गेली. मग माझ्याच कानांना कळलं की मी पळते आहे. छाती धडधडत होती आणि नामावळी त्या धडधडीमागे धावत होती. मी सावरायचा प्रयत्न केला तर भलतीच मंदावले. किती वेळ गेला, किती राहिला, काही समजेना. हात थांबवून चालणार नव्हतं. गाणं थांबवूनही नाही.

तेव्हा बाहेर मृदंगावर थाप पडली.

एकच, मोकळी. मग जरा थांबून दुसरी. कीर्तनाच्या सुरुवातीला, बुवांचा श्वास बसेपर्यंत काका वाजवायचा तशी संथ लय. पाटावरून पूजेतला मृदंग उचलून तो दाराला पाठ लावून बसला असणार, कारण थाप मला दाराच्या फळीतून जाणवत होती. मी एक नाव सोडून दिलं, सम पकडली आणि पुढचं उचललं.

काकी झांज घेऊन आली की नुसत्या टाळ्या वाजवत होती, ते कळलं नाही. पण बाहेर दोघं झाली.

अशी मी कुंभार संतांपाशी आले. भजनाच्या तंद्रीत ज्यांच्या पायाखाली तान्हं मूल चिखलात तुडवलं गेलं, त्यांच्या नावापाशी. त्यांचं आख्यान मी लहानपणापासून ऐकत आले. शेवटी मूल रांगत येतं, आई त्याला उचलते, सगळं देऊळ डोळे पुसत टाळी वाजवतं, आणि आजोबा दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे मला म्हणायचे, "आलं बघ, आलं." ते नाव माझ्या ओठांशी आलं आणि पुढे सरेना. मृदंग एक फेरा रिकामा फिरला.

दाराबाहेरून पारूमावशीने ते नाव घेतलं.

तिचा आवाज जाड, दिवसभर गिऱ्हाइकांना हाका मारून फाटलेला. तिने ते दोनदा घेतलं, रीतसर, लयीत, आणि पुढच्या नावाला थांबली, माझ्यासाठी. मी ते घेतलं. मग एक तिने, एक मी, अशा आम्ही फिरून विठ्ठलापाशी आलो.

फिल्म हायपोत घालून, धुऊन, मी दार उघडलं तेव्हा तिघं तिथेच होती. काकाच्या मांडीवर मृदंग, त्याच्या पांढऱ्या धोतरावर हळद सांडलेली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी ओली फिल्म धरून दारातल्या उजेडापाशी गेले.

शेवटचं टोक आधी वर धरलं. काळं. पुढचा फोटो काळा. त्याच्या पुढचा काळा. निगेटिव्हवर उजेड लागला की असंच काळं होतं, कोळसा घासल्यासारखं. मी एकेक वीत पुढे सरकवत गेले. दुसऱ्या फोटोशी आले तर एका कडेला थोडं काही दिसलं. झोपाळ्याचा दोर, आणि दोराला धरलेली छोटी मूठ. बाकी सगळं काळं.

मूठ मी ओळखली. पारूमावशीनेही ओळखली असणार, कारण तिने माझा दंड धरला.

"तोंड?" तिने विचारलं.

"नाही, मावशी."

काकीच्या तोंडून हुंदका निघाला तो तिने पदरात दाबला. मी फिल्म खाली घेतली. आता एकच राहिला होता आणि तो देवाचा होता. भिंतीवर त्याची तसबीर होतीच, रोज दिसत होती. त्या क्षणी मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं.

"पहिला बघ," काका म्हणाला.

"तो विठ्ठलाचा, काका."

"असू दे. एवढं नाव घेतलंस ना त्याचं? आता तोंड फिरवून कुठं जातेस? बघ."

मी फिल्मचं आतलं टोक वर धरलं.

ते स्वच्छ होतं. काठाला थोडी धग लागलेली, पण मध्ये स्वच्छ. विठ्ठलाच्या तसबिरीचा वरचा काठ मला आधी दिसला, तसबिरीवरची माळ दिसली. आणि तसबिरीच्या पुढे, गिऱ्हाइकांना बसायच्या स्टुलावर उभी, दोन्ही हात कमरेवर, पाय जुळवलेले, गळ्यात आईच्या पाटीतला तुळशीहार, मंदा.

ती विठ्ठल झाली होती. हसू दाबून, गाल फुगवून, अगदी न हलता. आणि आजोबांनी तिला "उतर खाली" म्हटलं नव्हतं. मान खाली घालून रिळाचा पहिला फोटो काढला होता.

मी फिल्म पारूमावशीच्या डोळ्यांपुढे धरली. ती पुष्कळ वेळ बघत राहिली.

"हिचे केस पांढरे का गं?"

"निगेटिव्ह उलटी असते, मावशी. काळं ते पांढरं दिसतं."

"असू दे," ती म्हणाली. "एवढी म्हातारी व्हायलाच पायजे होती ती."

फिल्म वाळल्यावर, दुपारी मी तिला तांबड्या दिव्याच्या उजेडात आत घेतलं. फिल्ममधून उजेड दिलेला, अजून कोरा कागद तसराळ्यात सोडला. ती वाकून उभी राहिली. आधी हार उमटला, मग फ्रॉकाची किनार, मग हळूहळू चेहरा. ती एकेक म्हणत गेली, कुणाला तरी घरात घेत असल्यासारखी. "नाक आलं. डावा कान आला. ही बघ, ही हनवटी. मधी खळगा हुता तिला. मी इसरलेच हुते, मालू. खळगा हुता."

बाहेर आलो तेव्हा काका मृदंग परत पाटावर ठेवून त्याला नव्याने कुंकू लावत होता. फोटो पाहून म्हणाला, "म्हणजे अण्णांनी नेम मोडला तर."

"कुठे मोडला?" मी म्हटलं.

त्याने पुन्हा फोटोकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि पाटावरचा झेंडू उचलून फोटोपुढे ठेवला.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. काका नाही. पारूमावशीची पाटी तिची सून चालवते. तसली रिळं आमच्या गावात मिळेनाशी झाली आणि कॅमेरा कपाटात रिकामाच असतो, पण खंडेनवमीला तो अजून पाटावर पहिला बसतो. काकीला आता धड दिसत नाही. मी तिचा हात धरून पाटाशी आणते. ती कुंकवाचं बोट उचलते आणि ते कॅमेऱ्याला टेकवायच्या आधी, दरवर्षी न चुकता, थांबून विचारते, "आत कुणी आहे का गं?"

"आहे," मी म्हणते.

मग ती झाकणाला हात न लावता, वरूनच कुंकू लावते.